हा चौघडा वाजत नाही!

एका जुन्या वाड्याच्या मालमत्तेच्या यादीतली ‘चौघडा रुप्याचा 1, वजन तोळे 40’ ही ओळ दाखवून ‘या घराण्याला दारी चौघडा वाजवायचा मान होता’ असा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. तसं काही नाही. हा चौघडा म्हणजे लवंग, वेलदोडे, सुपारी, कात ठेवायचा चार कप्प्यांचा डबा. 40 तोळे म्हणजे जेमतेम पावणेपाचशे ग्रॅम. एवढ्यात कातडं मढवलेले नगारे कसे बसणार? शिवाय शेजारच्या नोंदी वाचा की: वर पानदान, खाली अडकित्ता, चुनाळं, अत्तरदाणी. सगळा विड्याचा सरंजाम! टिपऱ्या, सनई यांचा मागमूस नाही. मानाचा दावा करायचाच असेल, तर सनद शोधावी.