पाव रेशनवर असताना सुरू झालेली 'चैन'

अर्थसंकल्प जवळ आला की एक मेसेज हमखास फिरायला लागतो. सारांश असा: सर्वांना मोफत उपचार ही श्रीमंत देशांची चैन. ब्रिटनकडे पैसा उतू जात होता, म्हणून १९४८ मध्ये त्यांनी एनएचएस, म्हणजे सर्वांना मोफत उपचार देणारी राष्ट्रीय आरोग्य सेवा, काढली. ते डावं खूळ होतं, त्यात डॉक्टरांना सरकारी नोकर करून टाकलं. फुकट म्हटल्यावर लोकांनी तिजोरी रिकामी केली. आणि आपल्याला तर हे कधीच परवडणारं नव्हतं.

पहिला मुद्दा आधी घेऊ, कारण बाकी डोलारा त्याच्यावर उभा आहे. ५ जुलै १९४८ ला एनएचएस सुरू झाली, त्या दिवशी ब्रिटनमध्ये साधा पावसुद्धा रेशनवर होता. महायुद्ध चालू असताना पावाला रेशन नव्हतं. ते लागलं १९४६ मध्ये आणि उठलं एनएचएस सुरू झाल्यावर तीनेक आठवड्यांनी. देश अमेरिकेकडून घेतलेल्या ३७५ कोटी डॉलरच्या कर्जावर तगून होता. त्या कर्जाचा शेवटचा हप्ता फिटायला २००६ साल संपावं लागलं. पैसा उतू जाणारं घर असं असतं?

शिवाय ब्रिटनचंच उदाहरण कशाला? श्रीलंकेने सरकारी रुग्णालयांतलं शुल्क १९५१ मध्येच काढून टाकलं. थायलंडचं चलन १९९७ मध्ये कोसळलं आणि २००२ मध्ये त्यांनी ३० बाटमध्ये उपचार देणारी योजना देशभर लागू केली. यातला कुठला देश तेव्हा श्रीमंत होता, ते मेसेज लिहिणाऱ्याने सांगावं.

'डावं खूळ' म्हणाल, तर एनएचएस उभी करणारे अन्यूरिन बेव्हन पक्के समाजवादी होते आणि विरोधी हुजूर पक्षाने १९४६ मध्ये त्यांच्या विधेयकाविरुद्ध मत दिलं, हे खरंच आहे. पण १८८३ मध्ये जर्मन कामगारांना आजारपणाचा विमा देणारा तिथला चान्सलर बिस्मार्क समाजवाद्यांचा हाडवैरी होता आणि ज्यांच्या १९४२ च्या अहवालावर ब्रिटनची कल्पना उभी राहिली, ते बेव्हरिज लिबरल. थायलंडची योजना तर टेलिकॉममध्ये गडगंज झालेल्या थाकसिन यांच्या सरकारने आणली.

डॉक्टरांचं म्हणाल तर विरोध कडवा होता. फेब्रुवारी १९४८ मध्ये त्यांच्या संघटनेने घेतलेल्या मतदानात मत देणाऱ्यांपैकी जवळपास ९० टक्के विरोधात गेले. बेव्हन यांनी मग रुग्णालयांतल्या मोठ्या तज्ज्ञ डॉक्टरांना खासगी रुग्ण पाहायची मुभा दिली आणि फॅमिली डॉक्टरांना पगारी नोकर न करता कंत्राटावर ठेवलं. सरकारी नोकर झाले ते रुग्णालयांतले.

आता 'तिजोरी रिकामी केली'. यात तथ्य आहे, पण अर्धंच. सुरुवातीला चष्मे आणि कवळ्यांसाठी झुंबड उडाली आणि खर्च अंदाजाच्या बराच वर गेला. वर्षानुवर्षं बोळक्या तोंडाने जेवणारी माणसं कवळी मागायला आली, याला लूट म्हणायचं का, हे ज्याचं त्याने ठरवावं. १९५१ मध्ये सरकारने या दोन्हींवर शुल्क लावायचं ठरवलं आणि बेव्हन यांनी मंत्रिपद सोडलं. पुढे हुजूर पक्षाच्या सरकारने उधळपट्टी शोधायला गिलबो समिती नेमली. १९५६ मध्ये तिचा अहवाल आला तो उलटाच: राष्ट्रीय उत्पन्नातला एनएचएसचा वाटा १९४९-५० मध्ये पावणेचार टक्के होता, तो १९५३-५४ पर्यंत सव्वातीनवर उतरला होता. मेसेजमध्ये हे नाही. असेल तरी कसं!

शेवटचा मुद्दा मात्र आपल्या घरचा आहे. नाशिकला जन्मलेले आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेले सर जोसेफ भोर यांच्या आरोग्यविषयक समितीने १९४६ मध्ये, म्हणजे एनएचएस सुरू व्हायच्या दोन वर्षं आधी, सांगितलं होतं की पैसे नाहीत म्हणून कुणी उपचारांना मुकता कामा नये. नुसती इच्छा नव्हती. पहिल्या टप्प्यात ४० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा हिशेबही मांडला होता. केंद्रं निघाली, पण त्यांना पुरेसा पैसा आणि माणसं दिली नाहीत. खर्च काही त्यामुळे वाचला नाही, तो घराघरांवर गेला. सरकारी आकडेवारीनुसार २०१३-१४ मध्ये देशाच्या एकूण आरोग्यखर्चातले ६४.२ टक्के लोकांच्या खिशातून थेट जात होते. २०२१-२२ मध्येही ३९.४ टक्के.