नवा भाग नापसंत कसा करावा

एखाद्या दीर्घायुषी खूनपटमालिकेचा पुढचा भाग पाहून आल्यावर "बरा होता" एवढे म्हणून गप्प बसण्याची चूक आपण करू नये. बऱ्या चित्रपटाला बरा म्हणणारा मनुष्य केवळ प्रेक्षक राहतो. परीक्षक व्हायचे असेल, तर चित्रपट बिघडलेला असावा लागतो आणि ही मालिका पूर्वी फार चांगली होती, हे ठामपणे सांगता यावे लागते. या विद्येच्या अभ्यासासाठी 'फ्रायडे द थर्टीन्थ' या अमेरिकी मालिकेइतके सोयीचे मैदान दुसरे नाही. १९८० ते २००९ या काळात तिचे बारा चित्रपट आले. त्यांपैकी दोघांनी "हा शेवटचाच" असे शीर्षकातच जाहीर करून टाकले आणि दोन्ही वेळा ते खोटे ठरले. (१३ तारखेच्या शुक्रवारची भीती आपल्या पंचांगात नाही. आपल्याकडे त्या सुमारास पगार संपत आलेला असतो, एवढीच काय ती धास्ती.)

सर्वप्रथम "मूळ चित्रपट" हे शब्द गंभीर स्वरात उच्चारण्याचा सराव करावा. नव्या भागावर करायचा प्रत्येक वार याच दोन शब्दांच्या आडून करायचा असतो. मात्र तो मूळ चित्रपट पुन्हा पाहण्याच्या फंदात अजिबात पडू नये. पाहिलात, तर अडचणीत याल. त्यात हॉकीतल्या गोलरक्षकाचा मुखवटा नाही. त्यात कोयता घेऊन झाडाआडून येणारा अजस्र जेसन, म्हणजे पुढच्या भागांतला प्रसिद्ध खुनी, नाही. क्रिस्टल लेक नावाच्या तळ्याकाठच्या शिबिरात तरुण मुलामुलींना मारत सुटलेली व्यक्ती म्हणजे जेसनची आई, मिसेस वुऱ्हीज, आणि ती भूमिका बेट्सी पामर या मध्यमवयीन, सोज्ज्वळ चेहऱ्याच्या अभिनेत्रीने स्वेटर घालून केलेली आहे. आपला मुलगा १९५७ मध्ये बुडाला आणि त्याच्यावर लक्ष ठेवायचे सोडून शिबिराचे सेवक भलतेच उद्योग करत होते, ही तिची तक्रार. जेसन अखेरच्या काही क्षणांत पाण्यातून उसळी घेतो, तोही बहुधा स्वप्नातच. १९९६ च्या 'स्क्रीम' या भयपटात, या मूळ चित्रपटातला खुनी कोण, नेमका हाच प्रश्न फोनवर विचारला जातो, मुलगी "जेसन" असे उत्तर देते आणि त्या चुकीची किंमत जिवाने मोजली जाते. आपण परीक्षक असल्यामुळे आपल्याला एवढी कडक परीक्षा द्यावी लागत नाही, हे आपले भाग्य.

या मूळ कलाकृतीच्या जन्मकथेकडेही आपण सौजन्याने दुर्लक्ष करावे. दिग्दर्शक शॉन कनिंगहॅम यांनी पटकथा हाती नसतानाच १९७९ मध्ये 'व्हरायटी' या व्यापारी नियतकालिकात केवळ शीर्षकाची पानभर जाहिरात दिली होती, आणि आदल्या वर्षी 'हॅलोवीन' या खूनपटाने कमावलेला पैसा पाहून आपणही तसेच काहीतरी करावे, असा त्यांचा हेतू होता, जो त्यांनी कधी फारसा लपवला नाही. साधारण साडेपाच लाख डॉलरांत केलेल्या या चित्रपटाने एकट्या अमेरिकेत सुमारे ४ कोटी डॉलर मिळवले. तेव्हा, नवा भाग "केवळ पैशासाठी काढलेला आहे" हे वाक्य लिहिताना आपला हात थरथरू देऊ नये. पूर्वी हे सारे शुद्ध कलेसाठी चालत असे, हा समज वाचकाचाही असतोच. तो मोडून कोणाचे भले होणार आहे?

पूर्वसूरींचा आदर्श हवा असेल, तर जीन सिस्कल यांचा घ्यावा. शिकागोच्या या नामवंत समीक्षकाला पहिला चित्रपट इतका किळसवाणा वाटला की त्याने आपल्या परीक्षणात खुनी कोण हे मुद्दाम सांगून टाकले, आणि वर वाचकांना आवाहन केले की, चित्रपट वितरित करणाऱ्या पॅरामाउंटची मालक असलेल्या कंपनीचे अध्यक्ष चार्ल्स ब्लूडॉर्न यांना आणि खुद्द बेट्सी पामर यांना निषेधाची पत्रे लिहावीत. चित्रपट तुफान चालला. परीक्षणाचा गल्ल्यावर काय परिणाम होतो, हे त्यावरून कळते. पण आपण त्या निष्कर्षाने खचू नये. आज ज्यांचा दाखला देऊन "पूर्वीचे भाग किती सरस" असे आपण म्हणतो, त्यांच्याबद्दल त्या त्या वेळी चांगले बोलणारे परीक्षक शोधूनही फारसे सापडणार नाहीत, ही गोष्ट आपल्या उपयोगाची नाही म्हणून तिचा उल्लेख टाळावा.

आता "तर्कसंगती" या शस्त्राकडे वळू. ते फक्त उत्तरेकडच्या, म्हणजे मोठ्या क्रमांकाच्या भागांवर चालवायचे असते. १९८९ च्या आठव्या भागात जेसन एका तळ्यात बोटीवर चढतो आणि शेवटी न्यूयॉर्कच्या बंदरात पोहोचतो. तळे समुद्राला मिळाले कोठे, असा खडा सवाल आपण विचारावा. विचारताना दुसऱ्या भागाची आठवण मात्र काढू नये. लहानपणी बुडून मेलेला, ज्याच्या सूडापायी आईने इतके खून केले असा मुलगा १९८१ मध्ये चांगला दांडगा होऊन, डोक्यावर पोते चढवून जंगलातून बाहेर येतो. तो जिवंत होता, तर आई कशाचा सूड घेत होती? मेला होता, तर वाढला कसा? हे प्रश्न अभिजात भागांना विचारण्याची पद्धत नाही.

त्या आठव्या भागावर वार करणे इतर कारणांनीही सुखाचे आहे. शीर्षकात जेसन मॅनहॅटन जिंकायला निघाला आहे, आणि प्रत्यक्षात चित्रपटाचा बराचसा वेळ शाळकरी पोरांच्या जहाजावर जातो. न्यूयॉर्क म्हणून दाखवलेल्या गल्ल्या बहुतांशी कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या आहेत. ही तक्रार रास्त आहे, आणि म्हणूनच ती जपून वापरावी, कारण रास्त तक्रारीत परीक्षकाची प्रतिभा दिसत नाही. प्रतिभा दिसते ती टाइम्स स्क्वेअरच्या प्रसंगात. गर्दीतून चाललेला जेसन टपोरी पोरांचा टेपरेकॉर्डर लाथेने उडवतो, पोरे धमकावतात, तो पाठमोरा उभा राहून मुखवटा किंचित उचलून चेहरा दाखवतो आणि पोरे काढता पाय घेतात. मी स्वतः या प्रसंगाला मनापासून हसलो आहे, परंतु असले काही लिहिणे परीक्षकाला शोभत नाही; आपण "भयाची जागा विनोदाने घेतली" असे लिहावे. तेच तीन वर्षे आधीच्या सहाव्या भागाबद्दल "भयाला विनोदाची जोड दिली" असे लिहावे. त्या भागात थडग्यातल्या प्रेतावर वीज पडून जेसन उठतो आणि स्मशानातला राखणदार थेट कॅमेऱ्याकडे बघून, लोकांच्या करमणुकीच्या कल्पना काय चमत्कारिक असतात, अशा अर्थाचे बोलतो. हा टोला आपल्यालाच होता, असे मनात येऊ देऊ नये.

परंतु आपल्या विद्येची खरी कसोटी पाचव्या भागावर लागते. चौथ्या भागाला १९८४ मध्ये "अंतिम अध्याय" असे नाव देऊन जेसनला कायमचे मारले होते. वर्ष पुरे होण्याच्या आत, मार्च १९८५ मध्ये, "नवा आरंभ" आला. त्यात जेसनचा मुखवटा घालून खून करणारा माणूस जेसन नाही, असे शेवटी उघड होते. तो रॉय नावाचा रुग्णवाहिकेवरचा कर्मचारी आहे. मनोरुग्ण तरुणांच्या वसतिगृहात त्याच्या मुलाची हत्या झालेली आहे, तिथल्या लोकांनी मुलाची काळजी घेतली नाही म्हणून बाप सूडाने पेटलेला आहे. चाहते फसवणुकीच्या भावनेने खवळले ते आजतागायत शांत झालेले नाहीत. मुखवट्यावरच्या खुणा लाल असायच्या त्या निळ्या होत्या, इथपर्यंत त्यांनी पुरावे गोळा केले आहेत. आपणही या रागात सामील व्हावे आणि "हा मूळ चित्रपटाशी केलेला द्रोह आहे" असे लिहावे. लिहिताना मनाची एक खिडकी घट्ट लावून घ्यावी. कारण मुलगा इतरांच्या निष्काळजीपणाने गमावलेला पालक, साधासुधा दिसणारा खुनी, शेवटपर्यंत झाकलेली ओळख आणि जेसन प्रत्यक्षात नसणे, या सगळ्यांची बेरीज केली, तर मूळ चित्रपटाशी सर्वांत इमानी राहिलेला भाग कदाचित हाच निघेल. चित्रपट फार सुबक आहे असे नव्हे. त्यातली बरीच पात्रे केवळ मरण्यासाठी चालत येतात आणि दिग्दर्शकालाही त्यांना निरोप देण्याची घाई झालेली दिसते. पण त्याच्यावर जो आरोप ठेवला आहे, त्यातून तो निर्दोष सुटेल. म्हणून खटला चालवूच नये, शिक्षा तेवढी द्यावी.

तरीही कोणी आकड्यांवर आले, आणि बदनाम पाचव्या भागाने अमेरिकेत सुमारे २ कोटी २० लाख डॉलर मिळवले, तर आज सर्वांच्या लाडक्या असलेल्या सहाव्याने सुमारे १ कोटी ९५ लाख, असे म्हणू लागले, तर शांतपणे म्हणावे की, गल्ला हा कलेचा निकष नव्हे. आठव्या भागाचा गल्ला सुमारे १ कोटी ४३ लाखांवर, मालिकेच्या तोवरच्या नीचांकावर आला, तो मात्र प्रेक्षकांनी दिलेला कौल मानावा.

न पाहिलेल्या दृश्यांची स्तुती हाही एक उत्तम मार्ग आहे. १९८८ च्या सातव्या भागातली हिंसा अमेरिकेतल्या मानांकन मंडळाने इतकी कापायला लावली की, खून सुरू होतो आणि उरकलेलाही असतो. कापलेला भाग आज जुनाट, धूसर प्रतींत तेवढा उरला आहे. आपण ठामपणे सांगावे की, ती दृश्ये राहिली असती, तर चित्रपट श्रेष्ठ ठरला असता. तिसऱ्या भागाचे नेमके उलटे. १९८२ मध्ये तो त्रिमिती पद्धतीने काढला होता, त्यामुळे पात्रे विनाकारण यो-यो, काठ्या आणि लाह्या आपल्या तोंडावर फेकतात. घरच्या सपाट पडद्यावर हे पाहताना माणसांना वेड लागले असावे असे वाटते. तरी या भागाला हात लावू नये. सगळ्या जगाने ज्यावरून जेसनला ओळखावे तो मुखवटा याच भागात, एका रडतराऊत थट्टेखोर पोराकडून त्याच्या हाती येतो. मूळ चित्रपटाचा जो आत्मा पुढच्या भागांनी हरवला म्हणून आपण हळहळतो, तो असा तिसऱ्या खेपेला दाखल झालेला आहे.

नवव्या भागात जेसनचा आत्मा एका शरीरातून दुसऱ्यात शिरतो, दहाव्यात तो २४५५ साली अंतराळयानात जागा होतो. या दोहोंना "हास्यास्पद" हे विशेषण पुरे. त्यावर, मग पुन्हा तळे, शिबिर आणि कोयताच दाखवायचा काय, असे कोणी विचारले, तर हो म्हणावे. २००९ च्या नव्या आवृत्तीत पुन्हा तळे, शिबिर आणि कोयता दाखवला, तेव्हा "यात नवीन काय?" असे विचारावे.

त्यानंतर पूर्ण लांबीचा चित्रपट पडद्यावर आलेला नाही, याला अंशतः न्यायालय कारण आहे. पहिल्या चित्रपटाचे पटकथाकार व्हिक्टर मिलर यांनी अमेरिकी कायद्यातील तरतुदीनुसार आपले हक्क परत मागितले. २०१८ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि २०२१ मध्ये अपिलातही टिकला. पण त्यांना मिळाली ती मूळ पटकथा, जिच्यात खुनी आई आहे आणि बुडालेला मुलगा आहे. मुखवट्यातला प्रौढ जेसन पुढच्या भागांत घडला. तो नेमका कोणाचा, हा गुंता त्या निकालाने सुटला नाही. वर्षानुवर्षे फी घेऊन वकिलांनी ज्यावर काथ्याकूट केला, तो प्रश्न आपण एका वाक्यात सोडवत आलो आहोत, याबद्दल कोणी आपले आभार मानलेले नाहीत.

तरी कधी ना कधी तेरावा चित्रपट येईलच, आणि क्रमांक पाहता त्याची जाहिरात कशी होईल, हे सांगायला ज्योतिषी नको. त्याचे परीक्षण आपण आताच लिहून ठेवावे. बाराव्यापर्यंत ही मालिका कशी भरात होती, इथून सुरुवात करावी, मधल्या परिच्छेदात आत्मा हरवल्याचे लिहावे आणि दिग्दर्शकाच्या नावापुरती जागा कोरी सोडावी.