अपेक्षित उत्तराचा रकाना

पाठ टाचणात, म्हणजे तासाला काय आणि कसं शिकवायचं याच्या लेखी आराखड्यात, 'विद्यार्थी कृती' नावाचा एक रकाना असतो. डावीकडे मी काय विचारणार ते लिहायचं, उजवीकडे त्यावर मुलं काय म्हणतील ते. म्हणजे नाटकातले माझे संवाद मी लिहायचे आणि तालमीला कधीच न आलेल्या चाळीस नटांचेही मीच. अठरा वर्षं लिहितेय. माझ्या टाचणातली मुलं फार गुणी आहेत. पूर्ण वाक्यात उत्तरं देतात. त्यातल्या एकानेही अजून "बाई, पाणी प्यायला जाऊ?" असं विचारलेलं नाही.

परवा मुख्याध्यापिकाबाई पाठ बघायला येणार होत्या. विषय अपूर्णांकांची तुलना, वेळ ३५ मिनिटं. आदल्या रात्री उद्दिष्टापासूनच अडले. 'विद्यार्थ्यांना अपूर्णांक समजतील' असं लिहून गेले आणि खोडलं. 'समजणे' हे क्रियापद आमच्या धंद्यात बाद आहे, कारण ते मोजता येत नाही. ब्लूम नावाच्या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने आणि मंडळींनी १९५६ साली शिकण्याच्या उद्दिष्टांची उतरंड रचली तेव्हापासून मूल ओळखतं, सांगतं, तुलना करतं, कारण देतं. नुसतं समजून गप्प बसलं तर चालत नाही. मग पाठाच्या पाच पायऱ्या. त्या हर्बार्ट या जर्मन शिक्षणतज्ज्ञाच्या नावावर खपतात, पण त्या बिचाऱ्याने चारच सांगितल्या होत्या. पाचवी शिष्यांनी वाढवली. टाचणाला लागणारा वेळ बघता शिष्यांनी तिथेच हात आवरला हे आपलं नशीब.

साहित्य म्हणून कागदाच्या पट्ट्या. साडेअकराला कार्डशीट संपली तेव्हा अर्ध्या वर्गाच्या पट्ट्या व्हायच्या होत्या. उरलेल्या जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागच्या कोऱ्या बाजूतून कापल्या. कार्डशीटच्या ३० सेंटिमीटर भरल्या, कॅलेंडरच्या २०. झोप आलेल्या बाईला दहा सेंटिमीटर म्हणजे काहीच नाही.

तास सुरू झाला. डावा रकाना: "एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश?" त्यापुढे कंसात 'तीन सेकंद थांबणे'. मेरी बड रो या अमेरिकन बाईंनी वर्गात घड्याळ लावून पाहिलं होतं. शिक्षक प्रश्न टाकतात आणि सेकंदभरही धड थांबत नाहीत. तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांबतात. शंभर टक्के खरं आहे. फक्त मागच्या बाकावर मुख्याध्यापिकाबाई बसलेल्या असताना तीन सेकंद थांबून बघा. पंखा ऐकू येतो. कुणाची तरी पेन्सिल गडगडत जाते. आपण हे घर चालवायला दुसरं काही करू शकलो असतो का, याचा पूर्ण विचार होतो.

"एक चतुर्थांश," चार-पाच जण म्हणाले. का? "चार तीनपेक्षा मोठे ना, बाई."

ही चूक मला पाठ आहे. तिच्यासाठीच तर पट्ट्या. "घ्या पट्ट्या," मी विजयी स्वरात म्हटलं, "खिडकीकडच्यांनी चार समान घड्या, दाराकडच्यांनी तीन. आता भाग शेजारी धरून बघा."

उजवा रकाना: 'विद्यार्थी निरीक्षण करून सांगतात की एक तृतीयांश मोठा आहे.'

"बाई, चतुर्थांशच मोठाय," दाराकडची एक मुलगी म्हणाली. शेजारणीने खात्री करून मान डोलवली. मग सगळा वर्ग. मी स्वतः दोन भाग बोटांत धरले. चतुर्थांश साडेसात सेंटिमीटर, तृतीयांश पुरता सातही नाही. अपूर्णांक आणि मी, दोघांपैकी एक खोटं बोलत होतं आणि वर्गाचं मत कुणाविरुद्ध आहे ते स्पष्ट दिसत होतं.

तेवढ्यात एरवी खिडकीबाहेर बघत बसणारा मुलगा उठला, दोन न दुमडलेल्या पट्ट्या उचलल्या आणि एकीवर एक ठेवल्या. "बाई, ह्या मुळातच लहान-मोठ्या आहेत. तुम्ही चीटिंग केलीत."

मग जो गोंधळ झाला तो कुठल्याच पायरीत बसत नाही. लहान पट्टीचा अर्धा मोठा की मोठीचा पाव? 'पूर्ण' सारखं नसेल तर तुलना चालेल का? मुलं बाकांवर गुडघे टेकून भांडत होती. मी खडू धरून उभी होते, आणि 'संकलन, ५ मिनिटे' ही पायरी घंटेने परस्पर उरकली. मुख्याध्यापिकाबाईंचा शेरा: 'आशय उत्तम. पाठ टाचणाबरहुकूम झाला नाही.' वर तोंडी विचारलं, "पट्ट्यांची ती युक्ती कुठून सुचली हो?" मी नम्रपणे हसले. नम्र हसण्याला टाचण लागत नाही.

दुसऱ्या दिवशी 'ब' तुकडी. या वेळी मी पट्ट्या मुद्दाम, मोजूनमापून असमान कापल्या. उजव्या रकान्यात लिहिलं: 'विद्यार्थी आश्चर्यचकित होतात.' पिशवीत हात घालते तोच पहिल्या बाकावरून आवाज आला,

"बाई, आधी मापून घेऊ का? 'अ'तली मुलं म्हणाली, तुम्हाला सारख्या कापता येत नाहीत."