आधी पुस्तक ठरवा!

दर रविवारी रामबागेत डंजन्स अँड ड्रॅगन्सचा, म्हणजे फासे टाकत काल्पनिक पात्रं खेळवायच्या खेळाचा, डाव मांडला की तासाभरात तोच वाद: नियमांचं कुठलं पुस्तक धरायचं! काल माझा लढवय्या मरायला टेकला, म्हणून कुपीतलं औषध प्यायले आणि तलवार उचलली. लगेच दादा ओरडला, "कुपी प्यायलीस, ॲक्शन (पाळीतली मुख्य कृती) गेली तुझी!" अरे, ते २०१४च्या पुस्तकात! २०२४च्या नियमांत कुपी बोनस ॲक्शनमध्ये, म्हणजे जादाच्या छोट्या कृतीत, पिता येते, वार शिल्लक राहतो. तेवढ्यात तिसऱ्यानं १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीतलं थॅको (वार लागायला फाशावर किती हवेत, हे ठरवायचा जुना आकडा) काढलं. तिथे तर चिलखताचा आकडा जितका कमी, तितकं ते भक्कम! वीस बाजूंचा फासा माझ्या मुठीत घामेजला, पोहे गार झाले. जुने नियम मलाही आवडतात रे, पण ऐन लढाईत सोयीचं पुस्तक कसलं उघडता? बसायच्या आधी ठरवा ना!