टेपचं दुसरं टोक

शिट्टी माझ्यासाठी वाजली होती. कंबोडियात, ता प्रोहम या जुन्या मंदिराच्या पडक्या अंगणात, देशोदेशीच्या पर्यटकांदेखत पहारेकऱ्याने मला भिंतीला हात लावल्याबद्दल झापलं. आणि ज्यांच्यापायी मी त्या भिंतीला चिकटलो होतो ते काका लांबून म्हणाले, "अहो, हात नसतो लावायचा!"

काका आमच्याच टूरमधले. निवृत्त सरकारी इंजिनिअर, रस्ते आणि पुलांत हयात गेलेली. सगळे जण भिंतीवर मांड ठोकून बसलेल्या त्या अजस्र मुळांपुढे फोटोसाठी ताटकळत होते, तेव्हा काका त्या मुळांकडे अतिक्रमण म्हणून बघत होते.

"रोप होतं तेव्हाच उपटायला काय झालं होतं?"

सातव्या जयवर्मन राजाने ११८६ साली आईच्या नावाने हे उभारलं, पुढे जंगलाने गिळलं, आणि फ्रेंचांनी आसपासची मंदिरं साफ करताना हे मात्र बरंचसं सापडलं तसंच राखलं, असं गाइड सांगत होता.

"मुद्दाम राखलं? आम्ही असं केलं असतं तर सस्पेंड झालो असतो."

तेवढ्यात कुणीतरी पचकलं, की इथल्या डागडुजीत आपलं भारतीय पुरातत्त्व खातंही आहे. झालं. काका एकदम साइटवर आले. खिशातून टेप निघाली. सहलीला निघताना कुठला माणूस मोजायची टेप बरोबर घेतो?

"धरा हो जरा ते टोक. तिथे नाही, कोपऱ्यात. दाबून."

मी दाबून धरलं. त्या आवाजापुढे मोठमोठे कंत्राटदार वाकले असतील.

"भिंत ओळंब्यात नाहीये."

"काका, आठशे वर्षं झाली तिला."

"मग? ओळंबा तेव्हाही होताच की!"

इथल्या शिलालेखात आवारात राहणाऱ्या १२,६४० माणसांची नोंद आहे. पैकी ६१५ नर्तकी. त्यांची घरं लाकडाची होती, ती कुजून गेली. दगडात राहण्याचा मान फक्त देवांना. म्हणजे आपण वस्ती बघायला जातो आणि देऊळ बघून परततो. एवढ्या माणसांच्या चुली कुठे पेटत असतील, पाण्यावरून कोण कुणाशी भांडत असेल, नर्तकींचे पाय रात्री कोण चेपत असेल, याचा मला जरा निवांत विचार करायचा होता. खरं सांगतो, त्याचसाठी एवढे पैसे भरून गेलो होतो. त्याऐवजी दमट उकाड्यात मान वाकडी करून मी एका परक्या माणसाचा बिनपगारी मदतनीस झालो, आणि गाइड पुढचं काय बोलला ते मला आजतागायत ठाऊक नाही. शिट्टी वाजल्याबरोबर टेप सर्रकन काकांच्या खिशात गेली. मी राहिलो, भिंतीला हात लावलेला.

रात्री टूरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो आला. माझे दोन्ही तळवे भिंतीवर, पहारेकऱ्याचं बोट माझ्यावर. खाली काकांचा मजकूर : "पुरातन वास्तूंना कृपया स्पर्श करू नये." त्यावर अंगठ्यांची रीघ लागली. पहिला अंगठा टूर मॅनेजरचा.

फोटो काकूंनी काढला होता. टेप आणि काका त्यातून बरोबर कापलेले आहेत.