दुधाची गोष्ट आणि शिवीची गोष्ट

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक वाद पेटलाय आणि तो मला स्वस्थ बसू देत नाही. कोल्हापुरातल्या एका म्हाताऱ्या मेकअपमननी कुठल्याशा स्थानिक वाहिनीला मुलाखत दिली. ज्या नटाच्या चेहऱ्याला त्यांनी वर्षानुवर्षं रंग लावला, त्याच्याबद्दल ते बोलले. किती देखणा, किती कष्टाळू, संवाद कसे एका वाचनात पाठ, आणि दुपारनंतर पोटात दारू गेली की सेटवरच्या हमालांना, सुतारांना आईबहिणीवरून कसा बोलायचा तेही. नट जाऊन बरीच वर्षं झाली. ग्रुपवरचे लोक मेकअपमनवर तुटून पडले. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, खाल्ल्या मिठाला जागावं, प्रसिद्धीची हाव सुटली म्हाताऱ्याला. शेवटी आमच्या भावोजींनी लिहिलं, "अमेरिकेत बघा. तिथे नटाच्या नावानं विमानतळ आहे. ते लोक आपल्या कलाकारांचे धिंडवडे काढत नाहीत."

तो विमानतळ माझ्या घरापासून पंधरा मिनिटांवर आहे. ४०५ नंबरचा महामार्ग तुंबलेला असला तर पंचवीस.

कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीच्या या जॉन वेन एअरपोर्टवर मी सतत असते, कुणाला आणायला, कुणाला सोडायला. वेन म्हणजे हॉलिवूडच्या वेस्टर्नपटांचा, काउबॉयच्या सिनेमांचा, जुना नायक. आत त्याचा भलामोठा ब्राँझचा पुतळा आहे. तो जवळच न्यूपोर्ट बीचला राहायचा. १९७९ मध्ये तो गेला आणि त्याच वर्षी काउंटीनं विमानतळाला त्याचं नाव दिलं. भावोजींचं बरोबर आहे ते इथपर्यंतच. १९७१ मध्ये वेननं 'प्लेबॉय'ला एक मुलाखत दिली होती. कृष्णवर्णीय लोक शिकून जबाबदार होत नाहीत तोवर गोऱ्यांचंच वर्चस्व राहावं, असं त्यानं त्यात सांगितलं. मूळ रहिवाशांच्या जमिनी घेतल्या यात त्याला काही गैर वाटत नव्हतं. २०१९ मध्ये लोकांनी ती मुलाखत पुन्हा वर काढली. २०२० मध्ये इथल्या डेमोक्रॅटिक पक्षानं विमानतळाचं नाव बदला असा ठराव केला, आणि त्याच वर्षी यूएससी या इथल्या विद्यापीठाच्या फिल्म स्कूलनं वेनवरचं प्रदर्शन हटवायचं जाहीर केलं. विमानतळाचं नाव बदललं नाही. पुतळाही आहे, मुलाखतही आहे. वेनवर जीव टाकणारे माझे शेजारी मला हे सगळं स्वतः सांगतात आणि मग संध्याकाळी त्याचाच सिनेमा लावतात. यात त्यांना काही विसंगत वाटत नाही, आणि आता मलाही वाटत नाही.

वेनची पडद्यामागची गोष्ट तर याहून गुंतागुंतीची आहे. ज्या दिग्दर्शक जॉन फोर्डनं १९३९ च्या 'स्टेजकोच'मधून त्याला मोठं केलं, तो सेटवर सगळ्यांदेखत त्याचा पाणउतारा करायचा. वेन दुसऱ्या महायुद्धात लढायला गेला नव्हता, फोर्ड गेला होता. १९४५ च्या युद्धपटाच्या चित्रीकरणात फोर्डनं त्याला सलामीवरून डिवचलं, सैन्यात गेलेल्या माणसासारखी सलामी तरी कर म्हणून. तेव्हा रॉबर्ट माँटगोमेरी हा सहकलाकार, जो स्वतः नौदलात लढून आला होता, फोर्डच्या खुर्चीपाशी गेला आणि यापुढे असं बोलायचं नाही म्हणून त्यानं त्याला बजावलं. हा प्रसंग कळल्यावर मला वेन कमी आवडायला लागला नाही. एवढा दांडगा गडी मान खाली घालून उभा असलेला माझ्या डोळ्यांपुढे आला आणि त्याच्या पडद्यावरच्या रुबाबाची किंमत मला त्या दिवशी समजली.

पण हाच वेन दुसऱ्याच्या वाटेला गेला तेव्हा काय झालं, तेही लोकांनी सांगून ठेवलंय. १९५२ च्या 'हाय नून' या वेस्टर्नपटात नायक गॅरी कूपरच्या चेहऱ्यावर जी वेदना दिसते ती सगळी अभिनयाची नाही. त्याला अल्सरचा त्रास होता, पाठ आणि खुबा दुखत होता, आणि दिग्दर्शक फ्रेड झिनेमननं तो थकलेला चेहरा तसाच दिसू दिला. पटकथाकार कार्ल फोरमनला तर चित्रीकरण चालू असतानाच कम्युनिस्ट शोधणाऱ्या अमेरिकन संसदेच्या समितीपुढे बोलावणं आलं. त्यानं साथीदारांची नावं सांगितली नाहीत. हॉलिवूडमध्ये काम न देण्याच्या काळ्या यादीत पडला आणि इंग्लंडला गेला. पुढच्या वर्षी कूपरला ऑस्कर मिळालं. तो समारंभाला नव्हता, म्हणून त्याच्या वतीनं ते वेननं हसतमुखानं स्वीकारलं. आणि त्याच १९७१ च्या मुलाखतीत वेन म्हणाला की 'हाय नून' हा देशविरोधी सिनेमा आहे आणि फोरमनला देशाबाहेर घालवायला हातभार लावला याचा मला कधीच पश्चात्ताप होणार नाही. हे सगळं झाकून ठेवलं असतं तर फोरमन नावाचा माणूस दुसऱ्यांदा हद्दपार झाला असता. गेलेल्याबद्दल बोलू नये म्हणणाऱ्यांना मला हेच विचारायचंय. कुठल्या गेलेल्याबद्दल? एकाची झाकपाक केली की दुसरा गाडला जातो.

माझा स्वतःचा सर्वांत लाडका किस्सा मात्र टीव्हीवरचा आहे. 'गनस्मोक' ही वेस्टर्न मालिका सीबीएस वाहिनीवर १९५५ ते १९७५ अशी वीस हंगाम चालली, ६३५ भाग. तिच्यातला मार्शल, म्हणजे गावचा कायदा राखणारा नायक, जेम्स आर्नेस, सहा फूट सात इंच उंच. त्याच्या जोडीला चेस्टर, डेनिस वीव्हर, एक पाय ताठ ठेवून लंगडत चालणारा. पडद्यामागं सगळं उलटं होतं. वीव्हर हा कसलेला खेळाडू. १९४८ च्या ऑलिंपिकसाठी अमेरिकेच्या डेकॅथलॉन निवड चाचणीत तो सहावा आला होता. नायकाच्या साथीदारात काहीतरी उणं हवं असं निर्मात्याचं म्हणणं पडलं, म्हणून त्यानं ते लंगडणं शोधून काढलं आणि एक पाय न वाकवता शेकोटीपाशी बसणं-उठणं वर्षानुवर्षं निभावलं. आणि धडधाकट मार्शल? आर्नेस १९४४ मध्ये इटलीत अँझिओच्या लढाईत पायाला गोळ्या लागून जबर जखमी झाला होता. तो पाय त्याला जन्मभर त्रास देत राहिला आणि घोड्यावर चढणं-उतरणं त्याच्यासाठी दुखणं होतं. खरा जायबंदी माणूस ताठ चालत होता आणि धावपटू लंगडत होता. हे कळल्यानंतर मी ते जुने भाग पुन्हा पाहिले तेव्हा आर्नेस घोड्यावरून उतरतो तिथं माझी नजर थांबायला लागली.

वीव्हरचं आणखी एक. तो १९५८ पासून शाकाहारी होता आणि परमहंस योगानंदांचा अनुयायी. लॉस एंजलिसला सनसेट बुलेव्हार्डवरच्या त्यांच्या लेक श्राइन या मंदिरात, जिथं गांधीजींच्या रक्षेचा अंश जपलाय, तिथं तो प्रवचनं द्यायचा. गावाकडच्या लोकांना मी ही माहिती दिली की लगेच, बघ, आपली संस्कृती कुठवर पोचली. ही आठवण त्यांना चालते. तीही खाजगीच आहे की. माणसाच्या श्रद्धेइतकं खाजगी दुसरं काय असतं? पण ती गोड आहे म्हणून आठवण, आणि मेकअपमनची कडू आहे म्हणून बदनामी.

कडू आठवणींनी कामंही झालेली आहेत. वेस्टर्नपटात घोडा भरधाव येऊन कोसळतो ना, त्यासाठी पूर्वी त्याच्या पुढच्या पायांना तारा बांधत, ठरावीक अंतर आलं की तार ताणली जाई आणि घोडा तोंडावर आपटे. 'रनिंग डब्ल्यू' म्हणत त्याला. कित्येक घोडे जायबंदी झाले, मेले. १९३९ च्या 'जेसी जेम्स'साठी एका घोड्याला कड्यावरून पाण्यात पाडलं, तो मेला आणि ही बातमी बाहेर फुटली. लोक खवळले. १९४० मध्ये अमेरिकन ह्यूमेन संस्थेनं हॉलिवूडमध्ये कचेरी उघडली आणि सेटवर जनावरांवर लक्ष ठेवायला त्यांची माणसं जायला लागली. सेटवरचं सेटवरच राहायला हवं होतं, असं कोणी म्हणेल का आता?

भावोजींना मी कायद्याचंही लिहिलं. अमेरिकेत मेलेल्या माणसाची बदनामी कायद्यानं होतच नाही. वारसांना दावा लावता येत नाही. कॅलिफोर्नियात नटाचा चेहरा वापरून माल विकायचा तर मृत्यूनंतर सत्तर वर्षं वारसांची परवानगी लागते, पण त्याच्याबद्दलची खरी आठवण सांगायला कोणाची परवानगी लागत नाही. आपल्याकडे १८६० च्या दंडसंहितेतच लिहून ठेवलंय की मृताबद्दलचं बोलणं घरच्यांच्या भावना दुखावण्याच्या हेतूनं केलेलं असेल तर तीही बदनामी ठरू शकते, आणि नव्या न्यायसंहितेत, कलम ३५६ मध्ये, ते तसंच आलंय. म्हणजे आपल्या मेकअपमनला बोलताना कोर्टाची पायरी दिसत असते. इथल्या टेलिव्हिजन अकादमी फाउंडेशननं १९९७ पासून शेकडो लांबलचक मुलाखती चित्रित करून ठेवल्यात, नटांच्याच नव्हे, मेकअपवाल्यांच्या, कपडेवाल्यांच्या, कॅमेऱ्यावाल्यांच्याही, आणि त्या कोणालाही फुकट बघता येतात. आपल्याकडे वृद्ध कलावंतांना राज्य सरकारचं मानधन आहे, चांगलंच आहे. पण त्यांच्यापुढे कॅमेरा ठेवून, बोला, तुम्ही काय पाहिलंत, असं त्यांना कोण विचारतंय?

हे लिहिलं की ठरलेलं उत्तर येतं, "तू झालीस अमेरिकन." याचा मला खरोखर राग येतो. कारण हे धैर्य मी इथून उसनं आणत नाहीये. अभिनेत्री हंसा वाडकरांनी आपलं आयुष्य, व्यसनासकट, फसवणुकीसकट, अरुण साधूंना सांगितलं. ते 'माणूस' साप्ताहिकात छापून आलं आणि १९७० मध्ये 'सांगत्ये ऐका' म्हणून पुस्तक झालं. पुढच्याच वर्षी त्या गेल्या. तेव्हा इंटरनेट नव्हतं, त्यांच्या पाठीशी कोणी मोठा वकील नव्हता, आणि एका मराठी बाईनं ते मराठीत सांगितलं. श्याम बेनेगलांनी त्यावर 'भूमिका' केला. जी गोष्ट आपल्या आज्यांच्या पिढीनं केली ती करणाऱ्या एका मेकअपमनला आज आपण मीठ विसरलेला म्हणतो. मी अमेरिकन झाले म्हणून नाही, मी कोल्हापूरची आहे म्हणून मला हे खुपतंय.

आणि ते खुपायला घरचंच कारण आहे. माझे आजोबा तालमीतले. ऐतिहासिक सिनेमा निघाला की तालमीतली पोरं मावळे म्हणून उभी राहायची आणि आजोबांना घोड्यावर बसता यायचं, म्हणून ते पुढच्या रांगेत. एका लढाईच्या दृश्यात घोडा बुजला, आजोबा खांद्यावर पडले आणि हाड मोडलं. शॉट वाया गेला. त्या सिनेमाचा नायक, तोही आता हयात नाही आणि त्याची तसबीर अजून लोकांच्या घरात आहे, तो तरातरा आला आणि जमिनीवर पडलेल्या आजोबांना सगळ्यांपुढे जातीवरून शिवी देऊन गेला. दुसऱ्या दिवसापासून त्याच नायकाच्या घरून आमच्याकडे दूध यायला लागलं. महिनाभर आलं. आमच्या घरात दुधाची गोष्ट लग्नाकार्यात आजही सांगितली जाते. शिवीची गोष्ट आजोबांनी फक्त ताईला आणि मला सांगितली, तीही एकदाच.

वेनबद्दल मी बेधडक लिहू शकते कारण त्याची नातवंडं मला कुठल्या बारशाला भेटणार नाहीत. जिथं असे कितीतरी सिनेमे चित्रित झाले त्या कॅलिफोर्नियातल्या लोन पाइन गावी दरवर्षी वेस्टर्नपटांचा महोत्सव असतो. तिथं म्हातारी माणसं अलाबामा हिल्सच्या दगडांपाशी उभी राहून, इथं अमका पडला, तिथं तमक्यानं गोळी झाडली, असं सांगतात तेव्हा त्यांचे डोळे भरून येतात. माझे येत नाहीत. ते त्यांचं बालपण आहे. माझ्या बालपणात वडिलांनी पुन्हा पुन्हा पाहिलेला 'मॅकेनाज गोल्ड' हा एक वेस्टर्नपट सोडला तर यातलं काही नाही. मी तिथं हौशीनं जाते, प्रश्न विचारते, टिपणं काढते, आणि मनातून जाणते की मला इथं इतकं मोकळं वाटतं ते यातलं काहीच माझं नाही म्हणून. जे माझं आहे त्याच्यापाशी आले की मीही आवाज खाली आणते. त्या नायकाच्या सुनेनं माझ्या आईच्या आजारपणात डबे पुरवलेत. मी सुट्टीला गेले की त्यांच्याकडे चहाला जाते. भावोजींना हे सगळं माहीत आहे, म्हणूनच ते इतक्या ठामपणे बोलतात.

मला त्या नायकाचा पुतळा पाडायचा नाही. दूध खरं होतं. माझ्या आजीनं ते दूध तापवून माझ्या वडिलांना पाजलं. पण जातीवरून दिलेली शिवीही खरी होती, आणि ती खाणारा माणूस घोडदौडीच्या धुरळ्यातला एक ठिपका नव्हता. दुधाबरोबर शिवी सांगितली तरच त्या दुधाचा अर्थ लागतो. त्या नायकाला आपलं चुकलं हे कळलं होतं, तोंडानं म्हणवलं नाही, म्हणून त्यानं दूध पाठवलं, असं मला वाटतं. ही शक्यता आमच्या घरानं त्याला आजवर दिलेलीच नाही. नुसता थोर म्हणून त्याला भिंतीवर टांगून ठेवलंय.

मी आता हे सगळं नीट लिहायला घेतलंय, आजोबांच्या तोंडचं जसं आठवतं तसं. ताईशी रोज फोनवर भांडण होतं. ती म्हणते, "तू लिहून मोकळी होशील, मला त्याच पेठेत राहायचंय." तिचं खोटं नाही, तिच्या म्हणण्यावर माझ्याकडे उत्तर नाही. नायकाचं नाव घालायचं की नाही ते मी तिच्यावर सोडलंय. आजोबांचं नाव मात्र मी पूर्ण घालणार आहे, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. सिनेमाच्या श्रेयनामावलीत ते कधीच नव्हतं.