दम संपला की जीवावर बेततं

डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती फाशांवर खेळायचा भूमिका-खेळ. त्याच्या पाचव्या आवृत्तीत (२०१४) दहाव्या लेव्हलचा, १६ कॉन्स्टिट्यूशनचा (काटकपणाचा) फायटर, म्हणजे लढवय्या, घ्या. पहिल्या लेव्हलला १३ हिट पॉइंट (किती मार सोसता येईल त्याचा आकडा), पुढच्या नऊ लेव्हलना प्रत्येकी ९, एकूण ९४. त्याला दोनशे फुटांच्या कड्यावरून खाली टाका. पडण्याचं डॅमेज दर १० फुटांना सहा बाजूंचा एक फासा, जास्तीत जास्त २०डी६ (असे वीस फासे), सरासरी ७०. म्हणजे हा माणूस जवळजवळ नक्की वाचतो. रात्री आठ तास झोपतो आणि सकाळी पुन्हा ९४ वर.

हे एकदा लक्षात आलं की 'आपल्या टेबलावर जरा खरे वाटणारे नियम हवेत' असं वाटणारच. पण बहुतेक डीएम (खेळ चालवणारे) इथे सरळ मारामारीत हात घालतात. फटका कुठे बसला याचा तक्ता, हाड मोडल्याचा तक्ता, रक्तस्रावाचा तक्ता. एका फेरीला दुप्पट वेळ लागायला लागतो आणि चौथ्या सेशनला सगळे तक्ते गुपचूप बाजूला पडतात. माझं मत ठाम आहे: खेळाडूचा निर्णय जिथे बदलतो तिथेच नियम घालावा. सोबत काय घ्यायचं, किती चालायचं, जखमी सोबत्याला घेऊन पुढे जायचं की मागे फिरायचं, हे ते निर्णय. तलवार डाव्या खांद्याला लागली की उजव्या, याने कोणाचाच निर्णय बदलत नाही.

ताकदीपासून सुरुवात करू, कारण तिथला दोष सरळ गणिताचा आहे. नियमांच्या पुस्तकात वाहून नेण्याचं ओझं म्हणजे स्ट्रेंग्थ (ताकदीचा आकडा) गुणिले १५ पौंड आणि उचलण्याची मर्यादा गुणिले ३०. स्ट्रेंग्थ १० चा माणूस ३०० पौंड, म्हणजे १३६ किलो उचलतो. ठीक आहे, थोडं उदार आहे. पण स्ट्रेंग्थ २० चा, म्हणजे माणसाच्या कमाल मर्यादेवरचा, फक्त ६०० पौंड, २७२ किलो. ब्रिटिश ताकदवीर एडी हॉलने २०१६ मध्ये ५०० किलोंची डेडलिफ्ट केली आहे. खालच्या टोकाला पुस्तक बरोबर आणि वरच्या टोकाला जवळपास निम्मं चुकीचं, कारण सूत्र सरळ रेषेचं आहे आणि माणसांमधला फरक तसा नाही. हे जुन्या डिझायनरांना माहीत होतं. २००३ च्या साडेतीन आवृत्तीत स्ट्रेंग्थ ५ ने वाढली की ओझं दुप्पट होई: १० ला १०० पौंड, १५ ला २००, २० ला ४००. गर्प्स या दुसऱ्या भूमिका-खेळात तर स्ट्रेंग्थचा वर्ग करून ५ ने भागतात.

वर्गच वापरा. एकदाच, जमिनीवरून उचलायचं वजन: स्ट्रेंग्थचा वर्ग गुणिले सव्वा, उत्तर किलोत. १० ला १२५, १५ ला २८१, १८ ला ४०५, २० ला बरोबर ५००. आणि दिवसभर आरामात वाहायचं ओझं याचा दहावा भाग.

पण किलो मोजायला लावू नका. किलोंचा हिशोब दुसऱ्या सेशनपर्यंत टिकतो, मग पात्राच्या शीटवर जुनेच आकडे राहतात. त्याऐवजी अडीच किलोंचा एक कप्पा धरा. आरामाचे कप्पे = स्ट्रेंग्थचा वर्ग भागिले २०, खालच्या पूर्णांकात. ८ ला ३, १० ला ५, १४ ला ९, १६ ला १२, १८ ला १६, २० ला २०. शीटच्या मागे तेवढ्या चौकटी काढायच्या आणि वस्तू त्यात लिहायच्या. हातातलं कुठलंही मोठं शस्त्र एक कप्पा, ढाल एक, भरलेली पाण्याची पिशवी एक, अंथरूण एक, दोन दिवसांचा शिधा एक, ५० फुटी सुताचा दोर दोन, तंबू चार, अडीचशे नाणी एक. कप्प्यात वजनासोबत अडचणही मोजली जाते. तलवार दीड किलोचीच असली तरी चालताना पायात येते, म्हणून तिला पूर्ण कप्पा.

चिलखत अंगावर असेल तर त्याचे कप्पे निम्मे, कारण भार खांदे, कंबर आणि पाय यांवर वाटला जातो. पुस्तकातलं प्लेट आर्मर ६५ पौंडांचं, साडेएकोणतीस किलो. युरोपातली खरी रणचिलखतं बहुधा १५ ते २५ किलोंची असत. त्यामुळे हे निम्मं करणं दुहेरी न्याय्य आहे. बारा कप्प्यांचं प्लेट अंगावर सहा. १६ स्ट्रेंग्थच्या फायटरला चिलखत, तलवार, ढाल घेऊन चार कप्पे उरतात.

आरामाच्या दुपटीपर्यंत वेग १० फुटांनी कमी. तिपटीपर्यंत २० फुटांनी कमी, शिवाय स्ट्रेंग्थ, डेक्स्टेरिटी (चपळाई) आणि कॉन्स्टिट्यूशनच्या सगळ्या रोलना डिसॲडव्हान्टेज (दोन फासे टाकून वाईट तो धरायचा). तिपटीपुढे चालता येत नाही, फक्त ओढता येतं.

आता काटकपणा, म्हणजे कॉन्स्टिट्यूशन. ताकद सांगते किती उचलता येईल. किती वेळ, हे काटकपणा सांगतो. नेपाळच्या हमालांवर २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पुरुष सरासरी स्वतःच्या वजनाच्या ९३ टक्के ओझं पाठीवर घेऊन एव्हरेस्टच्या वाटेवरच्या नामचेपर्यंत चढत होते. आपल्याकडे मार्केट यार्डात पोती वाहणारे माथाडी पाहिले तरी हेच दिसतं: अंगाने आडदांड नसलेला माणूस दिवसभर टिकतो. पुस्तकात चालण्याच्या आठ तासांपुढच्या प्रत्येक तासाला डीसी (वीस बाजूंच्या फाशाने, म्हणजे डी२० ने, गाठायचा आकडा) १० अधिक जादा तास असा कॉन्स्टिट्यूशन सेव्ह (तग धरण्याचा रोल) आहे आणि चुकला तर एक्झॉशनची (थकव्याची) एक पायरी. नवा नियम बनवू नका, हीच शिडी अलीकडे ओढा. मधल्या पट्टीत (ओझं आरामाच्या दुपटीपर्यंत) ती चार तासांनंतर सुरू होते, वरच्या पट्टीत (तिपटीपर्यंत) एका तासानंतर. एक्झॉशन मात्र २०२४ च्या पुस्तकातलं घ्या, प्रत्येक पायरीला डी२० वर २ वजा आणि वेग ५ फूट कमी. २०१४ च्या तक्त्यात तिसऱ्या पायरीला अचानक कडा येतो, तो ओझ्यासारख्या हळूहळू चढणाऱ्या गोष्टीला शोभत नाही.

या नियमाचा खरा परिणाम पाण्यात दिसतो. पुस्तकानुसार माणसाला दिवसाला एक गॅलन, उष्ण हवेत दोन. एक पिशवी अर्ध्या गॅलनची. म्हणजे वाळवंटात दिवसाला चार पिशव्या, तीन दिवसांना बारा कप्पे. स्ट्रेंग्थ ८ चा जादूगार तिपटीपर्यंत ताणूनही नऊच कप्पे वाहतो. आता टेबलावर खेचराची चर्चा सुरू होते, विहिरी कुठे आहेत ते विचारलं जातं, वाटाड्या शोधला जातो. पुस्तकातलं खेचर ४२० पौंड वाहतं, हे फार आहे. ३० कप्पे, म्हणजे ७५ किलो धरा, डोंगरवाटेला तेवढंच खरं आहे.

आणि आरोग्य. हिट पॉइंट म्हणजे मांस नव्हे, हे खेळाचा सहनिर्माता गॅरी गायगॅक्सने १९७९ च्या डीएमच्या पुस्तकातच स्पष्ट केलं होतं: त्यात कौशल्य, नशीब, चुकवण्याची क्षमता सगळं आलं. मग दोन गोष्टी वेगळ्याच ठेवूया. हिट पॉइंट आहेत तसेच ठेवा, त्यांना 'दम' म्हणा. त्याखाली दुसरा आकडा, 'जीव', कॉन्स्टिट्यूशनच्या स्कोअरएवढा. लेव्हल वाढली तरी जीव वाढत नाही. दम शून्यावर आला की उरलेलं डॅमेज जीवातून जातं आणि पात्र कोसळतं. कोसळल्यावर दर फेरीला डीसी १० चा कॉन्स्टिट्यूशन सेव्ह. चुकला की जीवातून २ जातात, तीनदा जमला की रक्त थांबतं. जीव शून्य म्हणजे मृत्यू. जीव निम्मा किंवा कमी झाला तर वेग निम्मा आणि स्ट्रेंग्थ व डेक्स्टेरिटीच्या चेकना (एखादं काम जमतं का ते ठरवणाऱ्या रोलना) डिसॲडव्हान्टेज.

पहिल्या लेव्हलचा जादूगार तपासून पाहा: दम ७, कॉन्स्टिट्यूशन १२. ऑर्क या राक्षसाच्या कुऱ्हाडीचा क्रिटिकल (फाशावर २० आल्याने दुप्पट फाशांचा फटका), २डी१२ अधिक ३, सरासरी १६. पुस्तकाने तो जागीच मेला, कारण उरलेलं ९ डॅमेज त्याच्या कमाल ७ पेक्षा जास्त आहे. या नियमाने त्याचा जीव ३ उरतो आणि दुसरा सेव्ह चुकायच्या आत कोणी पोचलं तर तो वाचतो. म्हणजे हा नियम नवख्यांना दयाळू आणि पोचलेल्यांना कडक आहे.

पडण्याचं डॅमेज दमाला शिवत नाही, थेट जीवातून जातं; कड्याला चुकवता येत नाही. पहिले १० फूट माफ, पुढच्या प्रत्येक पूर्ण १० फुटांना १डी६. चौथ्या मजल्यावरून, ४५-४८ फुटांवरून, ३डी६ येतात. कॉन्स्टिट्यूशन ११ असेल तर मरण्याची शक्यता बरोबर ५० टक्के, १० असेल तर ६२.५. वैद्यकीय पुस्तकंही साधारण याच उंचीवर निम्मे मृत्यू धरतात.

बरं होणं: दम रात्रीच्या झोपेत पूर्ण भरतो. जीव दिवसाला फार तर १, तोही त्या दिवशी प्रवास नसेल तर, डीसी १० च्या सेव्हवर. मॉडिफायर (गुणाच्या आकड्यावरून रोलमध्ये मिळणारी भर) शून्य असेल तर ५५ टक्के शक्यता, म्हणजे ८ जीव भरायला दोन आठवडे. मेडिसिन येणारा सोबती रोज मलमपट्टी करत असेल तर ॲडव्हान्टेज (दोनपैकी चांगला फासा), शक्यता ८० टक्क्यांवर जाते आणि तेच काम दहा दिवसांत होतं. जादू यात पाणी ओतू शकते, म्हणून स्पेलने पूर्ण भरतो तो फक्त दम. जीवासाठी स्पेलच्या लेव्हलइतकेच पॉइंट, तेही दिवसातून एकदाच. यामुळे हीलिंग वर्ड या छोट्या स्पेलने पडलेल्याला उठवायचं, तो पुन्हा पडायचा, पुन्हा उठवायचं, हा प्रकार महाग होतो. तो बंद व्हावा असं मला मनापासून वाटतं.

क्रिटिकल थेट जीवाला लावायचा मोह होईल. लावू नका. २००० सालच्या स्टार वॉर्सच्या डी२० खेळात नेमकं हेच होतं. हिशोब करा: एका लढाईत शत्रूंचे वीस हल्ले झाले तर निदान एक नैसर्गिक २० येण्याची शक्यता ६४ टक्के. शत्रू दर लढाईत नवे येतात, नायक तेच असतात, म्हणून अशी प्रत्येक लॉटरी शेवटी नायकांनाच लागते.

दुसरी गफलत म्हणजे जखमेचा दंड हल्ल्याच्या रोलवर टाकणं. मार खाणारा आणखी चुकतो, आणखी मार खातो, आणि लढाई दुसऱ्या फेरीतच संपलेली असते. उरलेल्या चार फेऱ्या नुसते फासे. दंड हालचालीवर आणि चेकवर ठेवा आणि पात्र लढाईतच पुन्हा उठलं तर तो लढाई संपल्यावर लागू करा. खरी माणसंही अनेकदा झुंज चालू असेपर्यंत उभी राहतात आणि नंतर कोसळतात.

जीवाचा आकडा फक्त पात्रांना आणि मोजक्या महत्त्वाच्या शत्रूंना द्या. गॉब्लिनसारख्या किरकोळ शत्रूचा दम संपला की तो संपला.

वास्तवाच्या नावाखाली काय करू नये याचा जुना नमुनाही आहे. १९७८ च्या ॲडव्हान्स्ड आवृत्तीत स्त्री पात्रांच्या स्ट्रेंग्थला वरची मर्यादा होती, मानवी स्त्रीला १८/५०, म्हणजे १८ नंतरच्या शंभर पायऱ्यांपैकी पन्नासावीपर्यंतच. सरासरीचा फरक खरा असेल, पण पात्र ही सरासरी नसते, ती एक निवडलेली व्यक्ती असते. त्या नियमाने कोणताच निर्णय रंगला नाही, फक्त काही खेळाडूंना दार अडवलं.

शेवटची गोष्ट धनुष्याची. असे नियम बहुतेक फायटरच्याच मानगुटीवर बसतात, जादूगार मोकळा राहतो, म्हणून स्ट्रेंग्थला काही परतही द्यावं लागतं. १५४५ मध्ये बुडालेल्या मेरी रोझ जहाजावरच्या धनुष्यांचा ताण १०० पौंडांच्या वर, काहींचा १८० च्या आसपास काढला गेला आहे. ते नुसत्या चपळ बोटांचं काम नाही. लाँगबोला (मोठ्या धनुष्याला) किमान स्ट्रेंग्थ १३ ठेवा, कमी असेल तर डिसॲडव्हान्टेज. आणि १५ किंवा जास्त असणाऱ्याला खास बनवून घेतलेल्या धनुष्यावर डॅमेजमध्ये डेक्स्टेरिटीऐवजी स्ट्रेंग्थचा मॉडिफायर घेऊ द्या. किंमत दुप्पट, कप्पा एकच, आणि पावसात दोरी कोरडी ठेवायची जबाबदारी खेळाडूची.